निफाडच्या पोरीला थंडीची सवय नाही म्हणे

"गरम देशातून आलीस ना, म्हणून होतंय तसं. दोनेक हिवाळे जाऊ देत, होईल सवय." स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला आल्यापासून थंडीने बोटांना होणारा त्रास सांगितला की हे मी ऑफिसात ऐकलं, बसस्टॉपवर ऐकलं, शेजारच्या आजींकडून ऐकलं आणि शेवटी दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनही ऐकलं. बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. तरी प्रत्येक वेळी राग येतो, कारण हे ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आणि कसला गरम देश! मी निफाडची. हिवाळ्यात राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून ज्या गावाचं नाव दरवर्षी पेपरात येतं, ते निफाड. पारा 5 अंशांच्या खाली गेला की आमच्याकडे माणसांआधी द्राक्षबागांची काळजी सुरू होते. मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, पाणी सोडायचं, धूर ओळींमधून नीट फिरतोय ना ते बघायचं. घरात हीटर कुणाकडेच नाही, फरशीवर पाय टेकवला की कळ यायची. अ‍ॅबर्डीनला हिवाळ्यात बहुतेक दिवस 3-4 अंशच असतात, म्हणजे आमच्या पहाटेएवढेच. फरक इतकाच की आमच्याकडे दहा वाजता ओट्यावर ऊन येतं आणि अंग सैल होतं. इथे समुद्रावरचं ओलं वारं दिवसभर थांबत नाही आणि डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो.

निफाडलाही माझे हात गार पडायचे, सगळ्यांचेच पडायचे. पांढरे मात्र कधी पडले नव्हते.

इथे सुपरमार्केटच्या फ्रीझरमधून मटारचं पाकीट उचललं आणि मधलं बोट व अनामिका दुसऱ्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी झाली. पांढरं कुठे संपतं आणि माझा रंग कुठे सुरू होतो ते दाखवता येईल इतकं स्पष्ट. बोटं बधिर. पिशवीची गाठ बांधता येईना. मग ती निळसर झाली आणि घरी आल्यावर लालभडक होऊन असा ठणका लागला की डोळ्यांत पाणी आलं. नंतर हे वारंवार व्हायला लागलं, पायाच्या बोटांनाही.

आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि निदान केलं, "रक्त कमी झालंय तुझं. बीट खा, खजूर खा." आईचं अगदीच चूक नव्हतं. रक्त कमी असणं, थायरॉईड मंदावणं ही हातपाय गार पडण्याची नेहमीची कारणं आहेत. बी-12 कमी झालं, किंवा मधुमेहाने नसा दुखावल्या, की मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पाय गार वाटतात. आपल्या शाकाहारी घरांमध्ये बी-12 ची कमतरता किती आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

उलगडा झाला तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. इथे फार्मासिस्टशी अपॉइंटमेंटशिवाय बोलता येतं, आतल्या छोट्या खोलीत बसून. पंचविशीची मुलगी असेल. तिने माझा हात हातात घेतला, नखांच्या कडा बघितल्या, फोनमधले फोटो बघितले आणि विचारलं, "सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी कुठून आले हे तिने विचारलंच नाही. अर्धशिशीसाठी माझं प्रोप्रॅनोलॉल चालू होतं. हातपाय गार पडणं हा त्या गोळीचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. ज्याला मुळात रेनोजची, म्हणजे गारव्याने रक्तवाहिन्या आवळून बोटं पांढरी पडण्याची, प्रवृत्ती आहे त्याचा त्रास त्या गोळीने वाढू शकतो. मात्र ती गोळी मनाने एकदम बंद करायची नसते, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते, हे तिने मला दोनदा बजावलं आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठीही लिहून दिली.

मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने 1862 साली या त्रासाचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. गारव्यात शरीर आधी पोटातले अवयव आणि मेंदू उबदार ठेवतं, त्यासाठी हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं. ते सगळ्यांचंच होतं. रेनोजमध्ये त्या जरा गारव्याने किंवा नुसत्या ताणानेसुद्धा गच्च आवळतात. तरुण बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि बहुतेकींना त्यामागे दुसरा आजार नसतो. पण तिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालं, एकाच हाताला होत असलं, बोटांवर जखमा होत असल्या, सांधे दुखत असले किंवा कातडी ताठरत असली, तर ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा, आजार नाही ना हे बघावंच लागतं. आणि चालताना पोटरीत गोळा येऊन एकच पाय गार पडत असेल, विशेषतः तंबाखू-सिगारेट असेल, तर पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. माहितीपत्रकांत फोटो असतात ते गोऱ्या बोटांचे. आपल्या सावळ्या कातडीवर रंग बदललेला तितका ठळक दिसत नाही. म्हणून तळहाताच्या बाजूने आणि नखांखाली बघा, चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. डॉक्टरांसमोर बसेपर्यंत बोटं पुन्हा नेहमीसारखी झालेली असतात.

आमच्या नाशकात डॉक्टर त्याच संध्याकाळी भेटतो, इथे अपॉइंटमेंटची वाट बघत बसावं लागतं, हे मी कितीदा सुनावलंय इथल्या लोकांना. पण स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं 2011 पासून मोफत आहेत आणि माझ्या रक्ताच्या तपासण्यांनाही पैसे पडले नाहीत. त्या सगळ्या ठीक आल्या, फक्त लोह कमी निघालं. जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय सोडली, कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आता वरण-भातावर लिंबू पिळते.

खरा फरक पडला तो हात सोडून अंगाकडे लक्ष दिल्यावर. पोट, छाती, मान उबदार असेल तर शरीर बोटांचं रक्त आखडून घेत नाही. म्हणून आत थर्मल, वर लोकर, कानटोपी, आणि हातमोजे दाराबाहेर पडायच्या आधीच, हात गरम असताना. चार बोटं एकत्र राहतील असे मोजे सुट्या बोटांच्या मोज्यांपेक्षा जास्त उबदार. पायात दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट करायचा नाही, त्याने रक्तच अडतं. आणि गारठलेली बोटं हीटरवर किंवा कढत पाण्यात धरायची नाहीत. बधिर कातडी भाजलेली कळत नाही, नंतर खाज येणाऱ्या लालजांभळ्या गाठीही येतात. कोमट पाणी, काखेत हात, किंवा हात खांद्यापासून गोल फिरवणं. शेकोटीला हात धरत वाढलेल्या माझ्यासारखीला हे सगळ्यात जड गेलं.

आई म्हणते, "परत ये, इथे ऊन तरी आहे." पण मुंबई-पुण्याच्या एसी ऑफिसातही बोटं पांढरी पडलेल्या मुली आहेत, माझ्या चुलतबहिणीचीच पडतात. तिलाही मी फोटो काढायला आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लिहून न्यायला सांगितलंय. माझी अर्धशिशीची गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बदलली. यंदा बोटं अजून पांढरी पडतात, पण क्वचित, आणि कोटाची बटणं माझी मला लावता येतात.