किमोच्या तारखा आणि मॉर्फिनच्या वेळा

देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात मी २२ वर्षे दवाखाना चालवतो. विंचूदंश, लेप्टो, दमा यांत हात बसलेला आहे. परंतु मुंबईहून कर्करोगासाठी किमो घेऊन कोकणकन्येने कणकवलीला उतरलेला रुग्ण जाडजूड फाईल टेबलावर ठेवी, तेव्हा तिच्यातील औषधांची नावे वाचण्यापलीकडे माझी मजल जात नसे.

याची किंमत एका बाईंना मोजावी लागली असती. किमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला म्हणून त्या आल्या आणि मी पावसाळ्यातला ताप समजून पॅरासिटामॉल देऊन त्यांना घरी पाठवले. बहुतेक किमोंनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या तळ गाठते आणि त्या काळातील १०१ अंशांचा ताप म्हणजे तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करण्याची वेळ, हे मी एमबीबीएसला वाचलेले होते. पण पुस्तकातले ते वाक्य आणि समोर छत्री मिटून बसलेली बाई यांची सांगड मला रात्रीपर्यंत घालता आली नाही. रात्री नऊला मी स्वतःच्या गाडीतून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. त्या वाचल्या.

त्यानंतर मी पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. खरी अडचण मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची ठरली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सुकर केली, तरी आमच्याकडे रुग्णाच्या मुलाला गोळ्यांसाठी अख्खा दिवस मोडावा लागतो. मात्र कायद्याहून मोठा अडसर माझी भीती होती, हे कबूल करायला हवे: श्वास मंदावेल, सवय लागेल. तोंडाच्या कर्करोगाने अंथरूण धरलेल्या एका मच्छीमाराला मी कितीतरी दिवस त्याहून सौम्य अशा ट्रामाडॉलवरच ठेवले होते. "डॉक्टरांनु, ह्येंका रातभर झोप लागणा नाय," असे त्यांच्या पत्नी, काकी, दारात उभ्या राहून सांगत.

शेवटी शिकल्याप्रमाणे अल्प मात्रेने सुरुवात केली: दर चार तासांनी, दुखण्याची वाट न पाहता, रात्री दहाला दुप्पट, म्हणजे दोनला उठवावे लागत नाही, आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचे औषध, कारण मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठ ठरलेलेच. काका ज्या कॅलेंडरवर भरती-ओहोटीच्या वेळा खुणावत, त्यावरच काकी गोळ्यांच्या वेळा लिहू लागल्या. तिसऱ्या रात्री काका झोपले.

ती कल्पना मी उचलली. आता कुणाच्या किमोची तारीख कळली की मी त्याच्या घरचे कॅलेंडर मागवून घेतो, सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत लाल शाईने चौकट आखतो आणि तिच्यात माझा मोबाईल क्रमांक लिहून देतो.