आरएक्स १०० : बोअर केल्यानंतरचे पहिले ६४० किलोमीटर

मंडळी, १९९३ ची टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स अखेर साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढली.

सिलिंडर लेथवर गेलाय, इथवर मागच्या नोंदीत आलं होतं. सिलिंडरच्या आतले ओरखडे खोल निघाले. ०.२५ मिलिमीटर वाढवून भागेना, ०.५० ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागला. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५०, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५० मिलिमीटर, म्हणजे ९८ सीसी. आता बोअर ५०.५; गुणाकार केला तर १००.१ येतात. नावातला आकडा इतक्या वर्षांनी खरा झाला!

ओरखड्यांचं कारण सापडलं. आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणारा, पंप बंद करून ठेवलेला, ऑइल पेट्रोलमध्येच, तेही अंदाजपंचे. पंप परत जोडला, हवा काढली, केबलची खूण जुळवली. खात्री होईपर्यंत पहिल्या टाकीत थोडं ऑइल वेगळंही मिसळलं. धूर असा की शेजारच्या काकूंनी विचारलं, "डासांची गाडी आली का रे?"

पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर गेलो नाही. मग रविवारी समर्थ मंदिरापासून घाटाला लागलो, सोबत भावाची स्प्लेंडर. सीसी जवळपास सारखे, पण आरएक्सचे ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या जरा वर. स्प्लेंडर तळातून ओढते, तिसऱ्यावर निमूट चढते. आरएक्सला ते खपत नाही. इंजिनाचा वेग खाली पडला की मरगळते. वळणाआधीच दुसरा टाकायचा, आवाज चढता ठेवायचा, मग बघा! आणि वळणात नुसती कंबर कलवली तरी पुरते.

कासजवळ फडफड सुरू झाली. साताऱ्यापेक्षा चार-पाचशे मीटर उंची, हवा विरळ. प्लग काढला तर काळा, ओलसर, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली, पेट्रोल कमी झालं, फडफड थांबली. निघताना मात्र परत जागेवर. लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिक्स्चरवर नवा पिस्टन जाळायची हौस नाही.

उतारावर सांभाळा. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावालाच, ब्रेक दोन्हीकडे ड्रम. शिवाय थ्रॉटल मिटलेला असला की पंप ऑइलही कमी सोडतो, म्हणून अधूनमधून क्लच दाबून रेस देत उतरलो.

मायलेज ३४. स्प्लेंडरचं विचारू नका, भावाने दोनदा सांगितलं.

पुढचं काम मागचे ब्रेक शू, आणि सायलेन्सरमधून बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) काढून कार्बन जाळणं. काकू गावाला गेल्या की.