पोर्ट्समथच्या ‘व्हिक्टरी’वर मुलांना सांगितलेली लढाई

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत ‘एचएमएस व्हिक्टरी’ ही जुनी ब्रिटिश युद्धनौका पाहायला बहिणीची दोन्ही मुलं सोबत होती. दुरुस्तीमुळे जहाजाभोवती परांच्या बांधलेल्या, पण आत शिरलं की त्या विसरायला होतात. इथे येणारा प्रत्येक जण १८०५ ची ट्रॅफल्गारची लढाई ऐकून जातो. मला मुलांना त्याआधीची सांगायची होती.

१४ फेब्रुवारी १७९७. पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला, सेंट व्हिन्सेंट भूशिराजवळ दाट धुकं होतं. स्पॅनिश आरमार पाऱ्याने भरलेल्या जहाजांना सांभाळत स्पेनच्या काडिझ बंदराकडे निघालेलं.

“पारा कशाला, मावशी?”

“अमेरिकेतल्या खाणींत दगडातून चांदी वेगळी करायला.”

त्यांना अडवायला आलेल्या ब्रिटिशांची मोठी लढाऊ जहाजं १५, त्यांचा ॲडमिरल जर्व्हिस याच व्हिक्टरीवर. स्पेनची वीसहून जास्त, त्यात चार मजली तोफांचं अवाढव्य ‘सांतिसिमा त्रिनिदाद’. धाकट्याने लगेच निकाल देऊन टाकला, “मग स्पेन जिंकलं!”

मी त्याला खालच्या मजल्यावरच्या तोफेपाशी नेलं. हिचा एक गोळा साडेचौदा किलोचा. आधी नळी ओल्या बोळ्याने पुसायची, नाहीतर उरलेल्या ठिणगीने नवी दारू हातातच पेटेल. मग काडतूस, गोळा, वर बोळा, सगळं ठासायचं. अवजड गाडा दोरांनी ओढून तोंड बाहेर काढायचं आणि डागायची. धक्क्याने तोफ मागे येते, की पुन्हा पहिल्यापासून. काडतुसं झाकणाच्या डब्यांतून धावत आणायची, ती बरेचदा बारा-तेरा वर्षांची पोरं. ब्रिटिशांचा हा सराव रोजचा. स्पॅनिश जहाजांवर मात्र समुद्र न पाहिलेली कितीतरी माणसं भरलेली. त्यांची मला फार कणव येते.

स्पॅनिश जहाजांचे दोन गट पडले होते. जर्व्हिसची रांग मधूनच घुसली. मोठा गट निसटेल असं दिसताच जर्व्हिसच्या हाताखालच्या नेल्सनने हुकमाची वाट न पाहता आपलं ‘कॅप्टन’ जहाज रांगेतून वळवलं. सुकाणूचं चाक तुटल्यावर ते सरळ ‘सान निकोलास’वर नेऊन भिडवलं. एका सैनिकाने मागच्या सज्जाची काच फोडली, नेल्सन त्याच्यामागून आत! ‘सान निकोलास’ला ‘सान होसे’ अडकलेलं होतं. तेही तिथूनच चढून घेतलं.

स्पेनची चार जहाजं गेली. त्रिनिदाद चाळण होऊन कसंबसं निसटलं. स्पॅनिश ॲडमिरल कोर्दोबाला पदावरून काढून दरबारात यायची बंदी केली. थोरलीला ते मुळीच पटलं नाही, आणि मलाही नाही. न शिकवलेली माणसं देऊन त्याला समुद्रावर पाठवलं कुणी?