टिचकी

नवी गाडी बघायला बाबांना शोरूममध्ये नेलं, तर त्यांनी ना किंमत विचारली ना मायलेज. थेट बॉनेटपाशी गेले आणि दोन टिचक्या मारल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना मारतात, अगदी तश्शा. मग निकाल लागला : "पत्रा पातळ आहे."

बाबांच्या लेखी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, ढकलायला चार माणसं लागणारी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा तिला काड्यापेटी म्हणणाऱ्यांत तेही होते. (पुढे त्यांनी तीच काड्यापेटी अठरा वर्षं चालवली, हा भाग ते सांगत नाहीत.)

सेल्समन मुरलेला होता. "काका, दार लावून बघा." बाबांनी लावलं. धप्प! भरीव, मऊ आवाज. बाबांचा चेहरा उजळला.

आता या 'धप्प'ची गंमत अशी, की तो मुद्दाम घडवलेला असतो. दाराच्या पत्र्याला आतून थरथर शोषणाऱ्या पट्ट्या चिकटवतात, कडेला रबराचं बीडिंग, कुलपाचा खटका बेताचा. खरी ताकद असते ती टिचकी पोचत नाही तिथे, छत पेलणाऱ्या खांबांत आणि दारातल्या आडव्या दांडीत. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या, गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती आपल्या रांजणगावात बनणारी टाटांची नेक्सॉन. त्या चाचणीत गाडी ताशी चौसष्ट किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुढचा भाग चुरगळून धक्का पोटात घेतो, म्हणून आतला माणूस वाचतो, हे मी बाबांना समजावलं.

"म्हणजे चुरगळायलाच केलीय?" बाबा म्हणाले.

आईची परीक्षा निराळी. सेल्समन डॅशबोर्डच्या वरच्या मऊ भागावरून हात फिरवत होता. आईचा हात मात्र खाली, गुडघ्यापाशी गेला. तिथे कडक, खरखरीत प्लॅस्टिक. कप्प्याच्या आत तर कडाही नीट घासलेल्या नव्हत्या. "पैठणी उलटी करून बघावी," ती एवढंच म्हणाली. खरी पैठणी उलट्या बाजूनेही तशीच दिसते. मला पटलं. पण पैठणीच्या हिशेबाने गाडी घ्यायची तर बजेट दुप्पट करावं लागलं असतं.

गिअरभोवतीची ती काळी चकचकीत पट्टी आम्हा तिघांनाही आवडली. घरी आणल्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्यावर सगळ्या कुटुंबाच्या बोटांचे ठसे होते, आणि त्यावर पुण्याची धूळ. एसी कमी करायला स्क्रीनवर तीनदा बोट टेकवायचं. जुन्या गाडीत रस्त्यावरची नजर न काढता खुंटी फिरवता यायची. ही सुधारणा कोणाच्या सोयीची, कोण जाणे.

रात्री जेवणं झाल्यावर बाबा दिसेनात. खाली पार्किंगमध्ये गेलो. धप्प. थोडा वेळ शांतता. पुन्हा धप्प.

"काय करताय?"

"काही नाही. नीट लागतंय ना, बघत होतो."