'पोपडे' आणि 'पापुद्रे': काकांची वेबसाइट दुरुस्त करताना

आमच्या काकांचा ठाण्यातल्या नौपाड्यात वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे. वेबसाइट मी सांभाळते. तिच्यावर चौदा पानं होती: 'वॉटरप्रूफिंग वर्तकनगर', 'वॉटरप्रूफिंग कोलशेत', 'वॉटरप्रूफिंग घोडबंदर रोड'... मजकूर तोच, फक्त भागाचं नाव बदललेलं. वर कीवर्ड मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी, ठासून भरलेला. क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, हे गूगलनं २००९ सालीच सांगितलंय.

मे महिन्यात सर्च कन्सोल उघडलं; लोक गूगलवर काय शोधून साइटवर येतात, ते दाखवणारं हे गूगलचंच साधन. क्लिक जवळपास नाहीतच. मग काकांचा व्हॉट्सअॅप घेऊन बसले आणि गिऱ्हाइकांचे मेसेज वाचत गेले. 'भिंतीला ओल आलीय', 'स्लॅबमधून पाणी टपकतंय', 'वरच्या फ्लॅटमधून गळतं, खर्च कोणाचा?' 'वॉटरप्रूफिंग' हा शब्द क्वचितच.

काका म्हणाले, "अगं, लोक काम मागत नाहीत, दुखणं सांगतात." मला वाट सापडली ती तिथे.

गळती हा एक विषय धरला आणि काकांना बोलतं केलं. गच्चीचा कोबा फुटला की पाणी कुठे उतरतं, बाथरूमच्या सांध्यातली गळती उन्हाळ्यातही का थांबत नाही, गच्चीवर पाणी साठवून तपासणी कशी करतात. खर्चाचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारं पावसाचं पाणी ही सोसायटीची जबाबदारी, हे स्पष्ट लिहिलं. चौदा पानांची पाच झाली, जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टनं नव्यांकडे वळवले आणि पानं एकमेकांना जोडली. हे तांत्रिक काम दोन संध्याकाळींत उरकलं. लिहायला मात्र तीन आठवडे लागले.

गूगलनं २०१९ मध्ये आपल्या शोधात आणलेलं बर्ट हे भाषा समजून घेणारं मॉडेल शब्दाच्या मागचेपुढचे शब्द धरून अर्थ लावतं. त्याच डिसेंबरमध्ये ते मराठीसह सत्तरहून जास्त भाषांत आलं. मराठीत तर याचं मोल फार. 'वरच्या फ्लॅटमधून गळती' आणि 'वरच्या फ्लॅटमध्ये गळती' यांत फरक एका प्रत्ययाचा, पण विचारणारी माणसं दोन वेगवेगळ्या मजल्यांवरची. म्हणून मी शब्द कोंबणं सोडलं, वाक्यं पूर्ण आणि नेमकी ठेवली.

जुलैच्या शेवटी कन्सोलमध्ये एक शोध दिसला: 'भिंतीचे पोपडे का पडतात'. आमचं ओलीचं पान त्यावर वर आलं होतं. मी तिथे सगळीकडे 'पापुद्रे' लिहिलं होतं. 'पोपडे' एकदाही नाही.