प्रेक्षकच नाचतात असे नाटक: ग्लासगोमधला माझा अनुभव

स्कॉटलंडमध्ये लग्न असो, शाळेतला नाताळचा समारंभ असो किंवा २५ जानेवारीची, कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणाची ‘बर्न्सची रात्र’ असो, जेवणे आटोपली की टेबले भिंतीशी सरकवली जातात आणि केयली, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायची मैफल, सुरू होते. अकॉर्डियन, फिडल, ड्रम आणि नाचातली पुढची पावले मोठ्याने पुकारणारा कॉलर एवढ्या सामग्रीवर भरलेला हॉल रात्र रंगवतो. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, केयली म्हणजे मुळात संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमून सांगितलेल्या गोष्टी, गाणी आणि वादन होते. नाचाने पुढे त्यातली बहुतेक जागा व्यापली. ग्लासगोतल्या एका छोट्या नाट्यसंस्थेने या प्रकारावर संगीत नाटक बसवायचे ठरवले. रंगमंच वेगळा नाही, खुर्च्यांच्या रांगा नाहीत, प्रेक्षक नटांबरोबर नाचणार आणि त्या नाचातूनच गोष्ट पुढे जाणार, अशी त्याची रचना होती. त्यासाठी स्थानिक हौशी मंडळी हवी आहेत असे कळल्यावर मी अर्ज केला.

ही कल्पना इथे अगदीच नवी नव्हे. १९७३ मध्ये ७:८४ या नाट्यसंस्थेने हायलँड्समधल्या जमिनीच्या मालकीचा, तिथून हुसकावल्या गेलेल्या कुळांचा आणि उत्तर समुद्रातल्या तेलाचा इतिहास केयलीच्या घाटात बसवला आणि तो प्रयोग गावोगावच्या हॉलमधून नेला. प्रयोग संपला की त्याच हॉलमध्ये त्यांचा वाद्यवृंद नाचाची गाणी वाजवत असे. आमच्या दिग्दर्शिकेने पहिल्याच बैठकीत याचा उल्लेख केला, आणि आपण कोणत्या परंपरेत उभे राहणार आहोत हे त्यामुळे मला स्पष्ट झाले.

निवडीच्या वेळी आम्हाला फारसे नाचून दाखवावे लागले नाही. त्याऐवजी, ज्याला नाच अजिबात येत नाही अशा माणसाला एकही शब्द न बोलता ‘गे गॉर्डन्स’मधून पार न्यायचे, अशी परीक्षा होती. हा जोडीचा नाच गोलात चालतो. चार पावले पुढे, हात न सोडता वळायचे, चार पावले उलटी, मग तेच परतीच्या दिशेने, नंतर स्त्रीने जोडीदाराच्या हाताखाली गिरक्या घ्यायच्या आणि शेवटी दोघांनी पोल्का, म्हणजे उड्या घेत जोडीने गोल फिरण्याचा नाच, करायची. बघायला सोपे वाटते, पण वळण्याची खूण फक्त खांद्यावरून गेलेल्या हातातून द्यायची असते. ती उशिरा दिली तर समोरचा माणूस गोंधळतो आणि फार जोरात दिली तर तो बिचकतो.

तालमींचा बराचसा काळ गिरकीवर गेला. इथे तिला ‘बर्ल’ म्हणतात आणि बहुतेक सगळ्या नाचांत ती कुठे ना कुठे येतेच. दोघांनी हात एकमेकांत गुंतवायचे, उजवी पावले शेजारीशेजारी ठेवायची, डाव्या पायाने रेटा द्यायचा आणि वरचे अंग मागे झोकायचे. मंगळागौरीची फुगडी ज्या हातांनी घातली आहे त्या हातांना हे लगेच समजते, कारण दोघींचा भार एकमेकींवर सारखा असेल तरच वेग येतो, हे तिथेही खरेच आहे. फरक असा की फुगडीतली जोडीदारीण आपल्या ओळखीची असते. इथे दर काही क्षणांनी नवे माणूस हाती येते, आणि त्याचे वजन, वय आणि भीती त्याच्या पकडीवरून ओळखून आपला भार तेवढाच मागे न्यावा लागतो. आमच्या नृत्यशिक्षकाने ओढण्याला सक्त मनाई केली होती. अंगठ्याने दाबायचे नाही, कोपर ताठ करायचे नाही आणि हात सोडायचा तो वाक्य पूर्ण झाल्यावर. ‘वाक्य’ म्हणजे आठ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा गट) स्वरसमूह. सगळे नाच त्यावरच रचलेले असतात, त्यामुळे संवादही त्यातच बसवावे लागले.

नाटकाची गोष्ट साधी होती. गावातला हॉल बंद होणार, त्यातली शेवटची केयली, आणि पुष्कळ वर्षांनी परतलेली एक बाई. कोणता प्रसंग कोणत्या नाचावर टाकायचा यातला विचार मला फार मोलाचा वाटला. सुरुवातीला ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’ होता, कारण त्यात तिघांसमोर तिघे उभे राहतात, म्हणजे एकट्या आलेल्या प्रेक्षकालाही जोडीदार शोधावा लागत नाही. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये आमच्यापैकी एकजण, अशी मांडणी असे. गोल फिरून, इंग्रजी आठाच्या आकड्यात विणून झाल्यावर एका तिघांनी हात उंचावून कमान करायची, दुसऱ्यांनी खालून निघून पुढच्या तिघांसमोर जायचे. अशा रीतीने पात्रे हॉलभर फिरत आणि प्रत्येक गटाला कथेचा एकेक तुकडा सांगून पुढे सरकत.

नाटकाचा गाभा मात्र ‘स्ट्रिप द विलो’त होता. यात वरच्या जोडीतली स्त्री पुरुषांच्या रांगेतून खाली जाते. प्रत्येक परक्या पुरुषाशी डाव्या हाताने एक फेरा, आणि दर वेळी मध्ये परत येऊन आपल्या जोडीदाराशी उजव्या हाताने एक फेरा. परतलेल्या बाईची सगळी कहाणी या एका रचनेत मावते, त्यासाठी वेगळे भाषण लिहायची गरज उरत नाही. फिरणाऱ्या नटीला गाता येणे अशक्य, म्हणून तिचे गाणे रांगेत टाळ्या देत उभे असलेले आम्ही गात होतो. ‘एटसम रील’ फक्त नटांसाठी राखली होती. तिच्यात आठ नाचणाऱ्यांपैकी प्रत्येकाला ४८ बार मध्यभागी मिळतात, सुरुवात आणि शेवट धरून एकूण ४६४ बार होतात. आठ पात्रांना आपापले मन मोकळे करायला इतकी हक्काची जागा एखाद्या लेखकाने मुद्दाम शोधूनही मिळाली नसती.

प्रयोग सुरू झाल्यावर खरी अडचण अनपेक्षित बाजूने आली. न येणाऱ्यांना सांभाळायची आमची तयारी होती, पण इथल्या बहुतेकांना हे नाच शाळेच्या व्यायामाच्या तासापासून अंगवळणी पडलेले असतात. माझी मुलगीही डिसेंबरमध्ये तेच शिकून घरी येते. संगीत सुरू झाले की ही मंडळी भन्नाट वेगाने सुटत, आणि एका महत्त्वाच्या संवादाच्या वेळी माझ्या रांगेतले चौघे हसत-ओरडत नटीला घेऊनच फिरले. मग वाद्यवृंदाने पहिली फेरी मुद्दाम संथ वाजवायची, कॉलरच्या भूमिकेतल्या नटाने हात वर केला की सर्वांनी जागीच टाळी धरायची, असे ठरले आणि ते उपयोगी पडले. ज्यांना नाचायचे नसे त्यांना भिंतीकडेच्या बाकांवर बसता येई, आणि त्यांना दोनदा विचारायचे नाही हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळला. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या एका आजी ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’मध्ये आमच्या तिघांतल्या मधल्या झाल्या. कमान कधी करायची हे त्याच आम्हाला सांगत होत्या, आणि त्यांची एकही वेळ चुकली नाही.

प्रयोग संपल्यावर मी रॉयल स्कॉटिश कंट्री डान्स सोसायटीच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले. ही संस्था १९२३ मध्ये याच शहरात जीन मिलिगन आणि इसोबेल स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने सुरू झाली. केयलीत चालून जाणारे धसमुसळे पाऊल इथे चालत नाही. मऊ तळाचे बूट, ताणलेला चवडा आणि प्रत्येक मात्रेचा हिशेब हवा. सध्या आमचा स्ट्रॅथस्पे हा संथ लयीचा नाच चालू आहे: पाऊल, जोड, पाऊल, आणि चौथ्या मात्रेला मागचा पाय सावकाश पुढे आणायचा. ती चौथी मात्रा मला अजून नीट भरता येत नाही.