बायपासच्या आधीची प्रार्थना

ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांचं वाजतं ते बहुधा पैशांवरून, नाहीतर सही कोणी करायची यावरून. प्रार्थना कोणाला करायची, यावरून कार्डिअॅक वॉर्डात आवाज चढलेले मी त्या सकाळी ऐकले. मी मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात ख्रिस्ती पाळक आहे. सिस्टरने फोन केला, "लवकर या, ट्रॉली यायची वेळ झालीय आणि यांचं थांबत नाही."

पेशंट वसईचे. केळीची वाडी, सत्तरी ओलांडलेलं वय, बायपासची पहिलीच केस. हिरवा गाऊन घालून पडलेले. उशाशी काकू, लाल लुगड्यात, हातात लाकडी मण्यांची रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ. त्यांनी "नमो मारिया", ही येशूच्या आईला, मरियेला करायची प्रार्थना, सुरू केली की पायथ्याशी बायबल उघडून उभा असलेला धाकटा मुलगा म्हणायचा, "आई, बंद कर." काही वर्षांपूर्वी तो कॅथलिक चर्च सोडून, मरियेला आणि संतांना प्रार्थना न करणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळीत गेला होता. बाबा टेबलावर असताना देवाचा कोप होईल असं काही नको, असं त्याचं म्हणणं. काकू ऐकायला तयार नव्हत्या. "माझ्या नवऱ्यासाठी मी कोणाला हाक मारायची ते तू मला शिकवू नकोस."

त्यात थोरली मुलगी बोलली. ती नगरला दिलेली, प्रोटेस्टंट घरात. भावाला म्हणाली, "आणि तू तरी सारखं 'येशू, येशू' का करतोस? प्रभूने स्वतः 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला शिकवलंय. मागायचं ते पित्याजवळ, येशूच्या नावाने."

एका खाटेभोवती तीन माणसं आणि तीन वाटा. बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. देवाचा मान दुसऱ्या कोणाला जाऊ नये ही त्या मुलाची भीती खरी होती. आपण एकट्या नाही, स्वर्गातलेही आपल्याबरोबर मागताहेत, हा काकूंचा आधारही तितकाच खरा होता. पण खाटेवरच्या माणसाला कोणीच काही विचारलं नव्हतं.

मी वाकून विचारलं, "काका, तुम्हाला कोणती प्रार्थना हवी?"

गोळीने जीभ जड झाली होती. "हिची रोझरी होऊ दे," ते म्हणाले. "मग तुम्ही करा."

मुलगा पडद्याबाहेर गेला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "फादर, तुम्ही उत्तर द्या."

इथे माझी कसोटी होती. रोझरीत एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो आणि बाकीचे उरलेली अर्धी. पहिला भाग बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायातला, गब्रिएल दूताचे आणि अलिशिबेचे शब्द. त्याला माझी काहीच हरकत नाही. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, हे मरियेकडे केलेलं मागणं दुसऱ्या भागात येतं, आणि उत्तर देणाऱ्याच्या वाट्याला नेमका तोच येतो. माझं घराणं नगरचं, १८३१ साली तिथे आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतलं. ते शब्द मी मनापासून म्हणू शकत नाही, आणि मरणाच्या भीतीने पडलेल्या माणसासमोर नुसत्या ओठांनी प्रार्थना करणं मला पाप वाटतं. मी काकूंना म्हटलं, "प्रभूची प्रार्थना आणि शेवटचं पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं गौरव मी तुमच्याबरोबर म्हणतो. मधल्या दहा मण्यांना मी हात जोडून उभा राहतो."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मधली उत्तरं काकांनीच दिली, अडखळत. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्यांना, वेळ नव्हता, एकच झालं. मग मी पित्याला येशूच्या नावाने प्रार्थना केली आणि शेवटी "प्रभू येशू, यांना तुझ्या हातात सांभाळ" असंही म्हटलं. तोवर मुलगा आत येऊन वडिलांचे पाय धरून उभा होता. ट्रॉली आली. सिस्टरने रोझरी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर बेड नंबर लिहिला आणि काकूंच्या हातात दिली.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेरच्या बाकांवर बसलो. मुलाने लगेच विषय काढला: तीमथ्याला पहिले पत्र, २:५. देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. मी म्हटलं, "तुझ्या आईलाही ते मान्य आहे. ती मरियेला देव मानत नाही. तुझ्या मंडळीत तू भावाबहिणींना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणतोस ना? तसंच ती स्वर्गातल्यांना म्हणते. १५६३ साली ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने संतांचा धावा करणं चांगलं आणि उपयोगी ठरवलं, पण दान देवाकडूनच, पुत्राद्वारे, हेही तिथेच म्हटलंय." माझं मतही मी लपवलं नाही. मृत संतांना हाक मारा, अशी आज्ञा किंवा तसं वचन मला शास्त्रात कुठे दिसत नाही. १५३० सालचं आउग्सबुर्गचं लुथरन विश्वासपत्र म्हणतं की संतांची आठवण ठेवा, त्यांचा कित्ता गिरवा, मदत मात्र ख्रिस्ताजवळ मागा. मी तिथेच उभा आहे. पण आईच्या प्रार्थनेमुळे देव बापाचा जीव धोक्यात घालील, हे त्याचं बोलणं मला सहन झालं नाही, आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. असा देव येशूने आपल्याला दाखवलेला नाही.

थोरल्या ताईचा, मागायचं ते पित्याजवळच हा, मुद्दा जास्त जुना आणि माझ्या मते जास्त अवघड. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने प्रार्थनेवर लिहिताना हेच मांडलं होतं की खरी प्रार्थना पित्यालाच, पुत्राद्वारे. ३९७ साली कार्थेजच्या परिषदेने वेदीवरची प्रार्थना नेहमी पित्यालाच उद्देशून असावी असा नियम केला. कॅथलिक मिस्सामधल्या, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेतल्या, बहुतेक मुख्य प्रार्थना आजही पित्यालाच असतात. हे ऐकून मुलगा चकित झाला. लहानपणी इतके मिस्सा ऐकूनही त्याचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

पण ताईने येशूला हाक मारणंच बाद केलं, ते मला पटलं नाही. दगडमार होत असताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन काय म्हणाला? "हे प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर." करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या शेवटी 'मारानाथा' आहे, प्रभूला "ये" म्हणणारी हाक. ११२ च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने सम्राटाला कळवलं की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. आणि दूर कशाला, नारायण वामन टिळकांची ख्रिस्ताला आळवणारी पदं आम्ही नगरच्या देवळात दर रविवारी म्हणतो. ताई त्याच देवळात गाते. ती म्हणाली, "गाणं वेगळं, मागणं वेगळं." मी म्हटलं, "स्तेफन गात नव्हता." त्यावर ती काही बोलली नाही, पण पटलंय असंही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

काकू मध्ये एकदाच बोलल्या. "मी त्याला पोटात असल्यापासून मारिया आईच्या पायाशी घातलाय," त्या मुलाकडे बघून म्हणाल्या. "आणि हा मला सांगतो ती ऐकत नाही." याला मी काय उत्तर देणार होतो? दिलं नाही.

दुपारी सर्जन बाहेर आले. ग्राफ्ट नीट बसले होते, काका आयसीयूत होते. संध्याकाळी वसईहून त्यांचे फादर तेल घेऊन आले. तेल लावून आजाऱ्यासाठीचा कॅथलिक संस्कार झाला तेव्हा मुलगा आत गेला नाही, पण कोणाला अडवलंही नाही.

त्या आठवड्यात मी मेट्रनशी बोललो. दाखल करताना आम्ही धर्म विचारतो आणि 'ख्रिस्ती' लिहून पुढे जातो. आता त्याखाली आणखी एक ओळ आहे: प्रार्थना कोणाकडून आणि कोणती हवी. ती पेशंटलाच विचारायची, तो शुद्धीत असताना, नातेवाईक जवळ नसताना.

मुलगा काकांना घरी न्यायच्या आधी माझ्या खोलीत आला. प्रेषितांची कृत्ये ७:५९, स्तेफनचं ते वाक्य, त्याने बहिणीला पाठवायला लिहून घेतलं. मरियेबद्दल त्याचं मत होतं तेच आहे, माझंही. येशूच्या नावाने पित्याजवळ मागण्याबद्दलचा योहानाचा सोळावा अध्याय घेऊन तो पुढच्या तपासणीला येणार आहे, आणि या वेळी आपल्या पाळकांनाही आणतो म्हणाला.